जुनी इंडिका (डिझेल): सकाळी लवकर चालू होत नाही, चढाला बंद पडते. पंपच गेलाय का?

कळंबा_कट्टा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गाडी इंडिका व्ही२, २००४ ची, १४०५ सीसी, टर्बो नसलेली साधी डिझेल. वडिलांनी घेतलेली, एमएच-०९ (कोल्हापूर), पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. विकायची नाही, त्यामुळे "काढून टाक" हा सल्ला कृपया नको.

त्रास दोन आहेत. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. मध्येच पकडल्यासारखी करते, सोडते, मग पांढरा धूर काढत चालू होते, थोडा वेळ थरथरते आणि नंतर एकदम ठीक. दिवसभरात कितीही वेळा बंद-चालू करा, अर्ध्या सेल्फवर चालू.

दुसरा त्रास चढाचा. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी झटके, मग पिकअप पूर्ण जातो आणि बंद. फिल्टरवरचा हँड पंप मारला की परत चालू. गंमत म्हणजे याच गाडीने गणपतीपुळ्याला जाऊन आलो, आंबा घाट चढून आलो, तिथे काहीही झालं नाही.

आतापर्यंत डिझेल फिल्टर नवीन, बॅटरी नवीन, हीटर प्लग (थंड इंजिन चालू होण्याआधी आत तापणारे) चारही तपासून घेतले. गॅरेजवाला म्हणतोय पंप उतरवावा लागेल, पंपाचं हेड खराब निघालं तर २५ हजारांच्या घरात जाईल. गाडीखाली डिझेलचा एक थेंब पडलेला नाही, म्हणून लीकेज नाही असं धरून चाललोय. काय करावं?


बावड्याचा_गडी

भावा, पंपच. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला डिट्टो हेच झालेलं. पंप करून आणला, नाद खुळा पळाय लागली. वेळ घालवू नकोस.


तांबडा_पांढरा

सकाळी त्रास आणि पांढरा धूर म्हणजे हीटर प्लग. "तपासले" म्हणजे नक्की काय केलं? बाहेर काढून बॅटरीवर लाल झालेले बघितले का, की नुसता टेस्टर लावला? आणि रिले?

अवांतर: पन्हाळ्याला जाताना गाडी बंद पडली की झुणका-भाकरीच्या जवळपासच पडते हा माझा अनुभव.


कळंबा_कट्टा

@तांबडा_पांढरा, बाहेर काढून माझ्यासमोर लाल केले. रिले चालू आहे, प्लगपर्यंत करंट येतोय. आणि प्लगचा दोष असेल तर वाघबीळला गरम इंजिन का बंद पडेल?


सौदामिनी

दोन्ही लक्षणांचं मूळ एकच असावं असं मला वाटतं, आणि ते पंपाच्या अलीकडे असण्याची शक्यता जास्त. कारण सांगते.

या गाडीत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. इंजिनवरच्या रोटरी पंपाच्या पोटात पात्यांचा एक छोटा पंप असतो, तोच टाकीपासून डिझेल ओढून आणतो. म्हणजे गाडी चालू असताना टाकीतून फिल्टर आणि फिल्टरपासून पंप ही सगळी वाट ओढीखाली असते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. या वाटेवर कुठे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून "थेंब पडला नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही. पंपाच्या पुढे, नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पोलादी पाइपांना गळती असेल तर मात्र लगेच ओलं दिसतं, कारण तिथे प्रचंड दाब असतो.

हवा आली की काय होतं? अशा जुन्या आयडीआय इंजिनात (डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडतं. डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही म्हणून तो दाब तयार होतो. हवा दाबली जाते. पंप फिरत राहतो, बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत राहतो आणि नोझल उघडतच नाही. रात्रभरात फटीतून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीकडे उतरत असेल, तर सकाळचा सगळा सेल्फ ते डिझेल परत वर आणण्यात जातो. एकदा भरलं की दिवसभर ठीक. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

आधी हवा येते की डिझेल अडतं, हे ठरवा. दोन्हींत पिकअप जातो, पण इलाज अगदी वेगळे आहेत. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून तिथे तात्पुरती पारदर्शक नळी लावा. बुडबुड्यांची सलग रांग दिसली तर हवा. बुडबुडे नाहीत पण पाय दाबल्यावर नळी चपटी होते किंवा डिझेल रेंगाळतं, तर अलीकडे, टाकीच्या बाजूला, कुठेतरी तुंबलंय. नवीन फिल्टर बसवल्यावर थोडा वेळ एखाद-दुसरा बुडबुडा येतोच, त्याला घाबरू नका. आणि ती नळी कायमची ठेवू नका, साधी पीव्हीसी डिझेलमध्ये कडक होऊन क्लिपखाली तडकते, मग नवीनच लीकेज तयार.


घाटमाथा

सौदामिनीताईंशी सहमत. त्याआधी एक फुकटची तपासणी: चढाला गाडी गुदमरायला लागली की बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. "सूं" करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुधारली तर टाकीचा ब्रीदर बंद आहे. डिझेल जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीतच निर्वात तयार होतो. माझ्या जुन्या जीपला गगनबावड्याच्या रस्त्यावर हेच झालं होतं, ब्रीदरच्या नळीत कुंभारमाशीने घर केलेलं.

आणि गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडाली होती का? शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या कितीतरी गाड्यांच्या टाकीत ब्रीदरवाटे पाणी गेलं होतं. वरून गाडी धुऊन चकाचक झाली तरी टाकी कुणी साफ करत नाही.


कळंबा_कट्टा

पुरात नव्हती, आमच्याकडे पाणी येत नाही. झाकणाची तपासणी आज केली. झाकण सैल ठेवून पुईखडीचा चढ चढवला, तरी झटके आले. "सूं" वगैरे काही नाही. म्हणजे ब्रीदर बाद.

फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून डिझेल बाटलीत काढलं, रात्रभर ठेवलं. पाणी खाली बसलेलं नाही, काळा गाळही नाही.


बावड्याचा_गडी

एवढी कुटाणं करण्यापरीस पंप उतरवून बेंचवर लावला की समजतंय की.


उद्यमनगरचा_फिटर

बावड्याच्या पाव्हण्यांनी रागावू नये, पण पंप उतरवणं म्हणजे टायमिंग आलं, सील आलं, कॅलिब्रेशन आलं. मी उद्यमनगरात उभी हयात डिझेल इंजिनावर काढली, आधी उसाच्या मळ्यातली ऑइल इंजिनं, मग गाड्या. पंप खराब होतो, न्हाई असं न्हाई. पण आमच्याकडं "पंप गेलाय" म्हणून आलेल्या लई गाड्यांत रोग टाकी ते पंप या वाटंवरच निघायचा. आणि पंप करून आणल्यावर गाडी सुधारली असं का वाटतं ते पण सांगतो. पंप परत बसवताना पोरं क्लिपा बदलत्यात, तांब्याचे वायसर नवीन टाकत्यात, हवा नीट काढत्यात. सुधारते ती त्यामुळं, आणि नाव पंपाचं होतं.

आता कसं करायचं ते सांगतो. ५ लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल. टाकीकडनं फिल्टरला येणारी नळी आणि पंपातून परत जाणारी रिटर्न, दोन्ही काढून त्या कॅनला जोडायच्या. रिटर्न विसरू नका, न्हाईतर डिझेल मूळ टाकीत जाईल आणि कॅन बघता बघता रिकामा. कॅन पंपापेक्षा उंच, घट्ट बांधलेला, एक्झॉस्टपासून लांब. फिल्टर पण त्याच वाटंत राहू द्या. आता गाडी चालवून बघा. सकाळी पण कॅनवरच चालू करा. कॅनवर गाडी बरोबर चालली तर पंपाला हात लावायचा न्हाई. कॅनवर पण तेच रडगाणं असंल तर मग पंप, नोझल बघू.

आणखी एक. पंपाला दोन बँजो बोल्ट (नळी जोडायचे पोकळ बोल्ट) असत्यात, आत जाणारा आणि बाहेर येणारा. बाहेरच्यावर "आउट" लिहिलेलं असतं आणि त्याच्यात बारीक भोक असतं, त्या भोकावर पंपाच्या आतला दाब ठरतो. दिसायला दोन्ही सारखे. मागं कुणी खोलताना अदलाबदल केली असंल तरी गाडी अशीच वागते. ते बघून घ्या.


पेठेतला_पोरगा

काका, डिझेलमध्ये २टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकलं तर? हल्लीच्या डिझेलमध्ये गंधक नाही म्हणून जुने पंप कोरडे पडतात असं ऐकलंय. आमच्या गल्लीत सगळे टाकतात.


सौदामिनी

@पेठेतला_पोरगा, अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, गंधक १० पीपीएमपर्यंत. ही गाडी आली तेव्हाच्या डिझेलमध्ये याच्या कित्येक पट गंधक होतं. पण वंगणपणा गंधकामुळे येत नव्हता. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगण देणारे घटकही निघून जातात, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळं रसायन घालतात. प्रमाणित चाचणीत झिजेची खूण ४६० मायक्रॉनच्या आत यावी लागते. त्यामुळे पंपावरचं डिझेल कोरडं नसतं. थोड्या २टीने नुकसान होईल असं मी म्हणणार नाही, पण हवा शिरण्यावर तो इलाज नाही.

जुन्या गाड्यांना नव्या डिझेलचा खरा त्रास वेगळा आहे. जुन्या नायट्राइल रबराच्या सीलना जुन्या डिझेलमधल्या अरोमॅटिक घटकांमुळे फुगून राहायची सवय लागलेली असते. ते घटक कमी झाले की सील आकसतात आणि वर्षानुवर्षं न गळणारा पंप अचानक घाम फोडायला लागतो. पंप कधी खोललाच तर व्हिटॉनचे (डिझेलला जास्त टिकणाऱ्या रबराचे) सील मागा.

रॉकेल मात्र चुकूनही टाकू नका. त्याने पंपाचं वंगण खरंच जातं.


कळंबा_कट्टा

काकांची कॅनची तपासणी केली. धाकट्या भावाने मदत केली. कॅन बॅटरीच्या वर, पट्ट्याने आवळून. बँजो बोल्टही बघितले, जागच्या जागी आहेत.

कॅनवर गाडी नुसती पळाली म्हणजे पळालीच. पुईखडीला तिसऱ्यात पाय पूर्ण दाबून वर गेलो, झटका नाही. रात्रभर कॅन तसाच ठेवला, सकाळी पहिल्या सेल्फला चालू. पंप वाचला, काका. गॅरेजवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

मग परत मूळ टाकीवर घेतली आणि फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी लावली. बारीक बुडबुडे सलग येतात. रेझ केली की वाढतात.


घाटमाथा

फिल्टरच्या आधीच बुडबुडे, म्हणजे फिल्टरचं वायसर, हँड पंपाचं डायफ्रॅम, फिल्टरच्या पुढच्या क्लिपा, सगळं संशयातून सुटलं. आता राहिली टाकी ते बॉनेट ही गाडीखालची वाट. गंज बघा. लोखंडी पाइप जिथे क्लिपने बॉडीला धरलेला असतो तिथे चिखल अडकतो, पावसाळाभर ओला राहतो, आणि आतून-बाहेरून खातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडीचं पोट वाळतच नाही.


बावड्याचा_गडी

मान्य. पंप नाही. पण मग रबरी जोड असणार. वीस वर्षांचं रबर आहे.


कळंबा_कट्टा

गाडी रॅम्पवर घेतली. टाकीजवळची आणि पुढची रबरी नळी कडक झालेली होती, दोन्ही बदलल्या, क्लिपा नवीन. लोखंडी पाइप क्लिपांमधून सोडवून, घासून बघितला. वरवर गंज आहे, भोक दिसत नाही.

खात्रीसाठी टाकीजवळची नळी चिमटली आणि पुढच्या बाजूने सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब दिला, कारण ओढीत न दिसणारं भोक दाबात ओलं दिसेल. अर्धा तास ठेवला. कुठेही ओल नाही, दाबही टिकला.

सगळं जोडून चालू केली. बुडबुडे आहेत तिथेच. आता खरंच डोकं चालेना.


पेठेतला_पोरगा

इषय हार्ड झाला राव.


उद्यमनगरचा_फिटर

दाब हलका दिला ते बरं केलं. गॅरेजचा कंप्रेसर लावला असता तर जुनी वाट फाटली असती.

आता मला एकच सांगा मालक. पन्हाळ्याला बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं? आणि गणपतीपुळ्याला निघताना किती टाकलं होतं?


कळंबा_कट्टा

काका, मी एरवी पाचशे-हजाराचं टाकतो, काटा पावच्या आसपासच असतो. पन्हाळ्यालाही तेवढंच असणार. गणपतीपुळ्याला जाताना तावडे हॉटेलजवळ टाकी फुल केली होती. पण पाव टाकी म्हणजे काही रिकामी नाही ना? डिझेल तर आहे.


उद्यमनगरचा_फिटर

सापडलं बगा.

टाकीच्या वरनं एक नळी आत तळापर्यंत सोडलेली असते. डिझेल तिच्यातनंच वर येतं. त्या नळीला मधेच भोक पडलं असंल तर? टाकी भरलेली असताना भोक डिझेलात बुडालेलं. तिथनं आत गेलं तरी डिझेलच जाणार, गाडीला काय फरक पडत न्हाई. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथनं टाकीतली हवा ओढली जाते. शहाळ्यातली नळी वर फुटकी असली की पाणी येत न्हाई, नुसता सुर्र आवाज येतो, तसं. बाहेरनं कितीबी शोधा, सापडायचं न्हाई, कारण भोक टाकीच्या आत हाय. तुम्ही टाकीजवळ चिमटून दाब दिला, म्हणजे तो भाग तपासात आलाच न्हाई.

तुमचा आंबा घाटाचा हिशोब पण बसतो. ३७ लिटरची टाकी. पुळ्याला जाऊन परत घाट चढेपर्यंत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे तेरा-चौदा लिटर गेलं. वर चढताना टाकीत वीस-बावीसच्या वर होतंच. म्हणून काय झालं न्हाई.

सकाळचं पण तेच. भोकातनं हवा मिळते म्हणून रात्री नळीतलं डिझेल टाकीत उतरतं.

खात्री करायची असंल तर टाकी खोलायच्या आधी फुल करा, आणि पारदर्शक नळीतले बुडबुडे बघा.


सौदामिनी

काका, सुंदर. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

एकच शंका मांडते, म्हणजे टाकी उतरवल्यावर दुसरं काही बघायचं राहू नये. नळीच्या तोंडाची जाळी गाळाने तुंबली तरी कमी डिझेलमध्ये त्रास वाढतो, कारण तळातला गाळ ढवळून जाळीवर येतो. त्याची ओळख अशी, की गाडी बंद पडून थोडा वेळ उभी राहिली की आपोआप बरी होते, गाळ खाली बसतो. पण तुंबण्यात बुडबुड्यांची अशी सलग रांग सहसा नसते. तुमच्याकडे बुडबुडे आहेत, त्यामुळे माझंही मत भोकाकडे. जाळी मात्र बघाच.


कळंबा_कट्टा

टाकी फुल केली. नळी स्वच्छ. एकही बुडबुडा नाही. रेझ केली, तरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

आणि मी मूर्खासारखा फुल टाकी करून बसलोय, आता ती उतरवायची कशी!


तांबडा_पांढरा

कोकणात जाऊन या.


कळंबा_कट्टा

नाही गेलो. कॅनमध्ये काढून घेतलं. टाकी उतरवली, वरची प्लेट सोडवली, नळी बाहेर. निम्म्याच्या जरा वर, काळसर गंजाचा पट्टा आणि त्यात सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. खालचा, कायम डिझेलात राहिलेला भाग नवा असल्यासारखा. जाळीवर थोडा गाळ होता, धुतला.

म्हणजे पाव टाकीवर गाडी चालवायच्या सवयीने वरची नळी वर्षानुवर्षं दमट हवेत उघडी राहिली?


उद्यमनगरचा_फिटर

व्हय. आपल्याकडचा पावसाळा टाकीत पण शिरतो. रात्री गार झालं की रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर जमतं.


बावड्याचा_गडी

लक्ष्मीपुरीत तांब्याची नळी मिळेल, फ्रीजवाल्याकडून आणून जोडून टाक. गंजायचा प्रश्नच नाही.


सौदामिनी

तांबं नको. तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर खराब होतं, चिकट राळ तयार होते आणि ती फिल्टर-नोझलमध्ये जाऊन बसते. वायसरएवढं तांबं चालतं, डिझेलात कायम बुडालेली अख्खी नळी नको. पोलादी किंवा स्टेनलेसची त्याच मापाची नळी घ्या. आतलं माप कमी होऊ देऊ नका, आणि लांबी तंतोतंत तेवढीच. लांब झाली तर तळाला टेकून तोंड बंद होईल, आखूड झाली तर शेवटचे काही लिटर कधीच मिळणार नाहीत.

आणि जोडकाम फक्त सुट्या प्लेटवर, नीट धुऊन. टाकीजवळ, टाकीवर काहीही पेटवायचं नाही, रिकाम्या टाकीवर तर अजिबातच नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते.


कळंबा_कट्टा

स्टेनलेसची नळी उद्यमनगरात एका लेथवाल्याने मापाने करून दिली. नळी, जोडकाम, दोन रबरी नळ्या, क्लिपा, टाकी उतरवण्याची मजुरी धरून अडीच हजारांच्या आत सगळं.

मुद्दाम काटा पावच्या खाली नेऊन काल पन्हाळ्याला गेलो. वाघबीळच्या पुढे तिसऱ्यात, चार माणसं, एसी चालू. गाडी उचलून वर गेली.

सकाळी अजून किंचित जास्त सेल्फ लागतो, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही. हे काय असेल?


उद्यमनगरचा_फिटर

नोझलच्या डोक्यावरनं एकाकडनं दुसऱ्याकडं जाणाऱ्या त्या कापडी विणीच्या बारीक रिटर्न नळ्या बगा. गरम होऊन तडकत्यात. तिथनं हवा गेली तर रिटर्नच्या बाजूनं डिझेल उतरतं. मीटरवर मिळती, स्वस्त असती. चारही तुकडे एकदम बदला, आणि शेवटच्या नोझलवरची बंद टोपी पण.


कळंबा_कट्टा

टोपीच फुटलेली निघाली. बदलली. आता ठीक. सौदामिनीताई, काका, घाटमाथा, मनापासून आभार. काका, उद्यमनगरात आलो की चहा माझ्याकडून.


उद्यमनगरचा_फिटर

चहा नको, मिसळ चालंल.


राधानगरी_रोड

धागा आता वाचला. माझी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच पाइपातून प्रचंड दाबाने डिझेल देणारी) बोलेरो पण सकाळी त्रास देते. आमचा मिस्त्री म्हणतो नोझलचे नट सैल करून सेल्फ मारू, कुठल्या नोझलला डिझेल येत नाही ते कळेल. करू का?


सौदामिनी

अजिबात करू देऊ नका. ती पद्धत वरच्यासारख्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीसाठी, तीही कापड गुंडाळून, डोळे सांभाळून. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावायची वेळ येते. तुमच्या गाडीत आधी स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो ते बघा, आणि प्रत्येक नोझलची रिटर्न वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन तुलना करा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर ते नोझल आतून गळतंय. टाकीत डिझेल किती असताना त्रास होतो, तेही लिहा. नवीन धागा काढा म्हणजे सगळ्यांना दिसेल.